काळ्या कुसळांचे भात

आये, पहिली कोण आली असेल सांग बघू. माझी जाऊच. पोदेर पाव देऊन नुकताच सायकल वळवत होता, चहाला अजून उकळी यायची होती, आणि ही मागल्या दारातून आत. हातात रिकामी वाटी. "चार सोलां दी गो, हुमणाक घालूक." आता हिच्या घरात आमसुलांच्या बरण्या भरलेल्या आहेत हे मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक. पण सकाळी सकाळी दुसऱ्याच्या घरात शिरायला निमित्त हवे ना, म्हणून वाटी. मोठी वाटी आणली तर तिला खरेच काहीतरी हवे असते, लहान आणली तर बातमी असते. ही लहान होती. सोले घेतली, वाटी बाजूला सारली, उंबऱ्यावर बसली, जनेलातून खाली खाजनाकडे, खाडीकाठच्या आमच्या खाऱ्या शेतांकडे, एकदा बघून घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुजी नात उठली?" म्हटले, उठली, न्हाणीत आहे. "मगे माका एक खरां सांग. तिनां शेतात काय टाकल्यान?"

मी म्हटले, शेतात भात टाकतात, दुसरे काय टाकणार? तर तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. तुझ्या वेळी असले काही नव्हते. हातातला आरसा समज, फक्त त्यात आपले तोंड सोडून सगळ्या गावाची तोंडे दिसतात. त्यात आमच्याच शेताचा फोटो होता. मी वाकून तण काढते आहे, म्हणजे माझे तोंडसुद्धा नाही, पाठच. आयुष्यात कधी नाही ती गावभर फिरले, ती पाठीने! खाली काय लिहिले होते ते तिने वाचून दाखवले. आपल्या खाजनात प्रयोगशाळेतले भात आले आहे, सांभाळा, असे. त्याखाली एकाने लिहिलेले, त्यात विंचवाचा गुण घातला आहे. दुसऱ्याने लिहिलेले, विंचवाचा नव्हे, माशाचा. विंचवाचे जावेला काही वाटले नव्हते, तिला मासा लागला होता. "माशाचो गुण घातलेलां शीत सोमवारी खावचां काय नाय, तूच सांग. आणि चतुर्थी तोंडार इली, गणपतीक निवेद्य कसो दाखवचो?" मी म्हटले, "खा गो. शीतातच मासो गावलो तर नुस्तेवालीची वाट तरी बघूक नको." एरवी ही अशा बोलण्याला पदर तोंडावर धरून हसते. हसली नाही. तेव्हा कळले की हे साधे नाही.

तुला आधी माझ्या नातीचे सांगायला हवे, तू तिला बघितली नाहीस. थोरल्या मुलाची ही एकुलती एक. मुलगा आणि सून नोकरीपायी म्हापशाला असतात, आणि ही शिकत शिकत इतकी लांब गेली की तिच्या परीक्षेचे नाव मला उच्चारता येत नाही. मी तिसरीपर्यंत. धाकट्याला सांभाळायला तू मला शाळेतून काढलीस त्याचा राग मी कितीतरी वर्षे धरला, आता हसू येते, कारण त्या तिसरीवरच हे सगळे लिहिते आहे. तर ही दक्षिणेकडे एका मोठ्या प्रयोगशाळेत भातावर काम करते. साखळीच्या बाजारात कोणी विचारले की मी सांगते, माझी नात भाताची डॉक्टर. एक भाजीवाली घाबरून म्हणाली, "भाताक कसलो रोग इलो गो बाय?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी तिच्याकडून नको असलेली लाल भाजीची जुडीसुद्धा घेतली. पोरगी आली की घर भरते. ताटात भाजी उरवत नाही, माझ्या पायाला तेल लावते, आणि कपाळाला आठी घालून विचार करते ती थेट तुझीच आठी. मी मुद्दाम तिला काहीतरी अवघड विचारते, ती आठी बघायला मिळावी म्हणून.

काम काय करतेस म्हणून विचारले, तेव्हा तिने माझी चोळी हातात घेतली. म्हणाली, "आजी, चोळी आवळ झाली की तू एक शिवण उसवतेस ना? दुसरे कापड लावत नाहीस, आहे त्यातलेच सैल करतेस. भाताच्या आत एक तशी शिवण आहे. ती उसवली तर त्याला खारे पाणी सोसते. काहीजण दुसरे कापडही लावतात, ठिगळासारखे. मी ते करत नाही, पण ते करणारे काही चोर नव्हेत." मी विचारले, उसवलेली शिवण धुण्यात आणखी उसवत गेली तर? ती टाळी वाजवून म्हणाली, तेच तर आम्ही वर्षानुवर्षे तपासत बसतो. आता हे मला समजले ते असे. गावाला ठिगळ आणि उसवण एकच. खारे पाणी, भात, प्रयोगशाळा, आणि शिकलेली पोरगी. मे महिन्यात सुट्टीला आली होती, जूनमध्ये मी पेरले, आणि सगळ्यांच्या आधी कणीस आले ते माझ्या शेताला. झाली बेरीज.

आमच्या शेतात खरे काय आहे ते तुझ्याइतके कोणाला ठाऊक? गेल्या वर्षी बांधातल्या मानशीची, भरती अडवणारी लाकडी दारे कुजून मोडली, भरतीचे पाणी आत घुसले ते बाहेर जायला तयार नाही. सगळे खाजन करपले. भात असे पिवळे पडले की जणू कोणी वरून हळद टाकली आहे. उभा राहिला तो फक्त बांधाच्या मुळाशी असलेला माझा कोन. तुझ्या भाताचा. तुला आठवते ना, लग्न होऊन मी केरीहून निघाले तेव्हा तू ओटीत तांदूळ घातले नाहीस, भात घातलेस, कुसळांसकट. कांडायचे राहून गेले असे सगळ्यांना वाटले. आत्या तर बोललीच, "चेडवाच्या वटीत टोचणारां कित्या घालतंस?" तू मान वर न करता ओटीची गाठ मारत होतीस. म्हणालीस, "तांदूळ चार दिसांत संपतत. ह्यां खंयतरी बांधाच्या मुळात घाल." इथे आल्यावर सासूने नाक मुरडले. केरीचे भात केरीलाच, आमच्या शेतात आमचे. शेवटी जिथे काहीच येत नाही, भरतीला जिथे बांध पाझरतो, तो कोन दिला. त्या वर्षापासून मी तो कोन सोडला नाही. काळी लांब कुसळे, आत लाल दाणा. घरच्यांनी मोठ्या शेताचे खावे, मी कोनातल्याची पेज करून प्यावी, असे चालले होते. घरातल्या पुरुषांना ते भात कधी दिसलेच नाही. त्यांचे सगळे आयुष्य खाणीवर गेले. जावेचे यजमान, माझे भावोजी, मातीचा ट्रक चालवून म्हातारे झाले. खाण बंद पडली तेव्हा शेतात उतरले, आणि आता खाजनाच्या संघाचे अध्यक्ष आहेत. गेल्या वर्षी सगळ्यांचे बियाणे गेले, म्हणून यंदा त्यांनी शेतकी ऑफिसातून गावठीच, पण पिशवीतले आणून पेरले. मी माझ्या कोनातले राखले होते ते अख्ख्या शेतात टाकले. एवढीच गोष्ट. आणि केरीला विचारशील, तर केरीला ते भात आता नाही. भावाच्या मुलाने खाजन पडीक टाकले, त्यात खाऱ्या पाण्याची झाडे वाढली आहेत, कडेला पर्यटकांच्या गाड्या लावतात.

त्याच दिवशी दुपारी भावोजी आले. पणजीहून एक बाई येते, तिला घेऊन. ही बाई आमच्या खाजनातले गावठी भात घेते, कांडून लहान लहान पिशव्यांत भरते आणि शहरातल्या लोकांना देते. बाई वाईट नाही हो. साधी सुती साडी, पाणी मागून प्याली, जमिनीवर बसली. गेल्या वर्षी घेण्यासारखे काही नव्हतेच, म्हणून यंदा सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले. ती मला म्हणाली, "आजी, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण उद्या एका जरी माणसाने विचारले, हे भात निखळ आहे का, तर छातीवर हात ठेवून मी काय सांगू?" भावोजी मात्र घरचेच, ते सरळ सुरू झाले. आमच्या वाड्यावर रीत आहे ना, ज्याच्या शेतात पहिले कणीस दिसते, त्याच्या शेतातली कणसे सगळ्यांनी नव्याच्या पंचमीला घरी न्यायची, गणपतीपुढे ठेवून पुजायची, मग दारावर बांधायची. यंदा तो मान आमचा. सासूबाई असत्या तर महिनाभर आधीपासून वाड्यावर सांगत फिरल्या असत्या. भावोजी म्हणाले, "वयनी, औंदा तुज्या शेतातली कणसां नको. दुसऱ्या गावातसून हाडूया. आणि माज्या मनात इचारशीत, तर आताच हिरवां कापून गोरवांक घाल." मी म्हटले, "माणसांक विख, आणि गोरवांक चलता?" तर म्हणतात, "तसां नाय गो." तसे नाही तर कसे, ते त्यांना सांगता येईना. कापून टाका म्हणायला बरे जमते!

मग पोरगी चहा घेऊन बाहेर आली. भावोजींनी तिला समोर बसवले. "बाय, एकच सांग. तू हाडलंस, काय नाय?" ती म्हणाली, "नाही आणले, आजोबा. आणताच येत नाही. तिथून एक दाणा बाहेर काढायचा तर दहा जणांना विचारावे लागते." झाले होते आये! इथेच सगळे मिटले होते. भावोजींनी कप उचललासुद्धा. पण पणजीच्या बाईने नुसते एवढे म्हटले, की बरे झाले, ते भात धोक्याचेच. आणि ही पेटली. धोक्याचे कशावरून म्हणता, तुम्ही बघितलेत का, तुम्ही फरसाण खाता त्याचे तेल कित्येकदा सरकीचे असते, आपल्याकडचा कापूस कधीपासून तसलाच आहे, मग ते कसे चालते? बाईही गप्प बसणारी नव्हती. "तेच म्हणते मी. आमच्या तेलात ते आले तेव्हा आम्हाला कोणी विचारले? विचारून घातले असते तर कदाचित मी हो म्हटले असते." मला बाईचे ते बोलणे पटले, आणि पोरीचेही पटत होते, म्हणून माझे डोके दुखायला लागले. तेवढ्यात भावोजींनी विचारले, "ता सगळां ऱ्हवां दी. धोको आसा काय नाय, तेवढां सांग." ट्रक चालवलेला माणूस, त्याला पुढे रस्ता आहे की नाही एवढेच हवे. आणि आमची भाताची डॉक्टर काय म्हणाली असेल? "आजवर खाल्लेल्यांना त्यामुळे काही झालेले दिसलेले नाही. पण प्रत्येक वाण वेगळे असते, ते वेगवेगळे तपासावे लागते." भावोजींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आसा!"

मी कपाळाला हात लावला. ही माझी पोरगी, सोन्यासारखी, पण तिला कधी सरळ हो किंवा नाही म्हणता यायचे नाही. मी चहात साखर बरी झाली का म्हणून विचारले तरी ती म्हणेल, मला बरी, दुसऱ्याला विचारावे लागेल. आणि समोर हे दोघे, त्यांना 'नाही' म्हटले तरी 'आहे'च ऐकू येणार. जाऊ दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मग मला राहवले नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ह्यां माज्या आयेचां भात. केरयेचां. माज्या वटीतसून इलेलां. असलां घाणेरडां आमच्या शेतात कधी शिरूक नाय आणि शिरूचां नाय. तिचां काम तिकडे, आमचां शेत हयसर." भावोजींना पटले नाही, पण तुझे नाव मध्ये आल्यावर काय बोलणार? बाई म्हणाली, मग कणसे तपासायला देऊ, मी माणूस घेऊन येते, तोवर कोणी काही कापायचे नाही. उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने हळूच सांगितले, "आणि आजी, हे खरेच जुने बियाणे असेल तर कुठल्याही प्रयोगशाळेला देऊ नका. आज नात नेईल, उद्या एखादी कंपनी नेईल, आणि परवा तुम्हालाच ते विकत आणायला लागेल."

सगळी गेली. मला वाटले, मी किल्ला राखला. पोरीकडे बघितले तर ती कप गोळा करीत नव्हती, नुसती बसून होती. म्हणाली, "आजी, माझे असते तर?" म्हटले, काय तुझे? "शेतातले भात मी आणलेले असते तर? ते घाणेरडे झाले असते?" आये, मी चुलीकडे गेले. गॅस आहे, फुंकायला काही नाही, तरी तिथे जाऊन उभी राहिले. तिने पुन्हा विचारले नाही. तुझी आईसुद्धा तुला असेच उत्तर द्यायची का ग, पाठ वळवून?

तुझ्या घरातली एक सकाळ मला तेव्हा आठवली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी पाच-सहा वर्षांची असेन. तू गोठ्याच्या मागे उकिडवी बसली आहेस, मांडीवर उंडो, तो गोल कडक पाव, आणि करवंटीत चहा. तू तुकडा मोडतेस, बुडवतेस, डोळे मिटून खातेस. आमच्या घरात पाव येत नव्हता. तुझ्या सासूला तिच्या सासूने सांगितले होते की पूर्वी पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकून अख्खा वाडाच्या वाडा बाटवला, म्हणून पाव म्हणजे बाटणे. आणि नेमकी ती पाठीमागे येऊन उभी राहते. "बाटलंस मेल्ये!" असे ओरडते की गाय दावे ताणते. तुझी करवंटी तिने पायाने उडवली. त्या दिवशी तुला चुलीला शिवू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मला गोठ्यामागे नेलेस, अर्धा उंडो दिलास आणि म्हणालीस, "आधी गोड लागता काय ता सांग. बाटणां-बिटणां मागसून बघूया." मी हे पोरीला कितीदा सांगितले आहे. ती म्हणते, माझी पणजी माझ्या बाजूची.

पण मी तिला अर्धेच सांगते. मी लग्नाची झाले तेव्हा सरकारी माणूस ते नवीन ठेंगणे भात घेऊन आला, दुप्पट पिकते म्हणाला. तू एक शेर शिजवलेस, बोटाने चेपून बघितलेस, वास घेतलास, आणि सगळी पेज कोंबड्यांना घातलीस. "ह्येच्या पेजेक जीव नाय." मग दोन वर्षे कोंबड्यांवर लक्ष ठेवून होतीस, मरतात का म्हणून. मेल्या नाहीत, उलट जास्त अंडी घालायला लागल्या, आणि मग वरच्या शेतात तू तेच ठेंगणे भात लावलेस. खाजनात मात्र लावू दिले नाहीस. तर तू पावाच्या बाजूची की कोंबड्यांच्या, हे मला अजून कळत नाही. सकाळी तुझी एक बाजू पटते, दुपारी दुसरी. ह्या वयात असे बरे नव्हे. माझ्या वयाच्या बायकांना सगळे कसे ठाम ठाऊक असते. जाऊ बघ. हिला शेतातल्या मेलेल्या बेडकापासून सुनेच्या केस गळण्यापर्यंत सगळे त्या भाताने झाले हे दोन दिवसांत कळले. आणि संध्याकाळी तीच जाऊ बिनबियांचे कलिंगड कापून खात होती. मी विचारले, "ह्येच्यो बियो खंय गेल्यो गो?" तर म्हणाली, "बिनबियांचा चांगला मिळता आता."

दुसऱ्या दिवशी पोरगी बोलत होती, पण कशी, पाहुण्यासारखी. पाणी देऊ का आजी, दार लावू का आजी. बॅगेत कपडे घालायला लागली. म्हणाली, कामाचे बोलावणे आले आहे, चतुर्थीपर्यंत राहता येणार नाही. बोलावणे कसले, फोन तर वाजलाच नव्हता. मी पातोळ्यांसाठी हळदीची पाने बघून ठेवलेली, नारळ काढून ठेवलेले, तिच्या आईबापाला इकडेच या म्हणून सांगितलेले. मग ती पायात काही न घालता खाजनात उतरली. जाते तर जाऊ दे, निरोप घेत असेल म्हटले. परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखल, हातात एक कणीस, आणि कपाळाला ती आठी. पायरीवर बसून कुसळे बोटांवरून फिरवत राहिली. "आजी, बांधाच्या मुळाशी पाणी अजून खारट आहे. मी चाखून बघितले. आणि तिथले सगळ्यांत उंच आहे." मी म्हटले, माहीत आहे, ते तसेच असते. "मी कधीपासून एक शिवण उसवत बसले आहे, आणि हे आधीच उसवलेले तुझ्या कोनात उभे होते." आणि हसली. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा हसली.

मग तिने विचारले, घरात वाळलेले बियाणे थोडे आहे का? शेतातले अजून दुधात आहे, त्याचा उपयोग नाही. तिला ते न्यायचे आहे. आत काय आहे ते बघायचे, आणि थोडे थंड पेटीत ठेवायचे, तिथे म्हणे माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकते. मी पणजीच्या बाईचे बोलणे तिच्यापुढे ठेवले. मला वाटले चिडेल. चिडली नाही. "तसे होऊ शकते, आजी. कुठल्या गावातून, कोणाकडून आले ते लिहून ठेवायचे असते, मी तुझे आणि केरीचे नाव लिहीन. पण पुढे वरचे लोक काय करतील, ते मी आज सांगू शकत नाही." बघितलेस? आपलीच वस्तू मागते आहे, तरी सरळ काही होणार नाही म्हणून सांगायला हिला येत नाही! दुसरी कोणी असती तर दोन गोड शब्द बोलून घेऊन गेली असती. मी इतकी वैतागले की म्हटले, तुझ्यासारखीने भाजी विकायला बसू नये, उपाशी मरशील. ती म्हणाली, खरे आहे.

म्हणून मी हे लिहायला बसले. वस्तू तुझी आहे, तुला विचारायला हवे. मागल्या पडवीत पाणी तापवायच्या चुलीवरच्या आढ्याला गवताची लहान मुडी टांगलेली असते, तू बांधायचीस तशीच, बाहेरून दोरी वळलेली. पेरून उरले ते भात मी त्यात ठेवले होते, वेळेला असावे म्हणून. तेवढेच. शेतात उभे आहे ते आज माझे, पण तपासायला माणूस येईल, तो काय सांगेल, त्याचे भावोजी काय ऐकतील, आणि गाव त्यातून काय काढील, कोणी सांगावे. कापून टाक म्हणून सगळा वाडा दारात उभा राहिला तर मी एकटी किती दिवस नाही म्हणणार? मग जगात तुझे भात म्हणून उरेल ते त्या मुडीत. ती पोरीला दिली आणि तिकडे त्याचे भलतेच झाले तर? न दिली आणि इकडे उंदरांनी खाल्ली तर? बाईचे ऐकू की पोरीचे? तू असतीस तर बोटाने चेपून, वास घेऊन एकदम सांगितले असतेस. मला वास घेऊन फक्त धुराचा वास आला.

हे सगळे तुला विचारते आहे खरी, पण आये, दिली मी. काल दुपारीच. अख्खी मुडी. ती म्हणाली, थोडे घरात ठेव, सगळे नको. मी ऐकले नाही, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून तिच्या बॅगेत घातली आणि बॅग खाटेखाली सारली. उगाच मोठेपणा कशाला सांगू? शास्त्र समजले म्हणून दिली नाही. बाईचे बोलणे खोटे वाटले म्हणूनही नाही. मुडी खाली काढताना मी विचारले, "मग चतुर्थीक ऱ्हवतंस मगे?" आणि ती म्हणाली, राहते. तेवढ्यासाठी. आज सकाळपासून ती माळ्यावरचे पितळ उतरवून चिंचेने घासते आहे आणि तोंडाने काहीतरी गुणगुणते आहे. मला इतके बरे वाटते की तुझ्या बियाण्याची आठवण मध्येच येते आणि मध्येच जाते.

तिला मी एक मात्र अजून सांगितलेले नाही. ते भात उद्या तिकडून काही वेगळेच होऊन आले आणि तिने ते शिजवून माझ्या पानात वाढले, तर मी आधी कोंबड्यांकडे बघेन की घास घेईन, हे मला आज विचारशील तर ठाऊक नाही. तिने पुन्हा विचारले नाही, म्हणून निभावले. केरीला टपाल अजून जाते, पण तुझ्यापर्यंत जाणारे कोण, म्हणून हे कागद राहतील इथेच कुठेतरी. अंगणात अजून वाळवण आहे, ते आत घ्यायला हवे. भावोजी, जाऊ आणि ती पणजीची बाई, तिघेही कणसे तपासायला माणूस घेऊन शनिवारी सकाळी येतो म्हणून गेली आहेत.